नीस्टच्या काळ्या पाषाणावर

स्कॉटलंडच्या स्काय बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला रस्ता संपतो, तिथे गाडीतून उतरल्यावर नीस्ट पॉइंट कुठेच दिसत नाही. वारा असतो, आखूड गवत असते, पाठ फिरवून उभ्या असलेल्या मेंढ्या असतात आणि थोडे पुढे जमीन एकाएकी संपलेली असते. त्या कडेला जाऊन खाली पाहिले म्हणजे कळते की भूशिर आपल्या पायाखाली, पार खालच्या पातळीवर समुद्रात शिरलेले आहे: एक हिरवा, पाठीसारखा उंचावत गेलेला डोंगर, त्याच्या उत्तरेच्या अंगाला सरळ तुटलेला काळा कडा आणि टोकाशी पिवळसर पांढरे दीपगृह. कड्याचे गेलिक नाव ‘अन ताइगेख’, म्हणजे वळू घोडा. आमच्या सोबत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घोड्याची मान कुठली आणि पाठ कुठली हे बोटाने दाखवून दिले, तरीही मला घोडा काही दिसला नाही; पण आपल्याकडेही नागफणीत नाग आणि हत्तीमाथ्यात हत्ती दिसायला गाववाल्याचीच नजर लागते.

त्या जूनमध्ये बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे ग्लासगोला आले होते. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. धरणांच्या पायाचे खोदकाम आणि विहिरींच्या पाहण्या यांच्या निमित्ताने सातारा-सांगलीकडचा दगड त्यांनी जितका जवळून पाहिला तितका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनीही क्वचितच पाहिला असेल. मुरूम, मांजऱ्या, गेरू, पाषाण ही त्यांची परिभाषा. डनव्हेगनहून नीस्टकडे येताना वाटेत मॅक्लाउड्स टेबल्स नावाचे दोन सपाट माथ्याचे डोंगर लागतात. वाईत आयुष्य काढलेल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. ‘‘अगं, पाचगणी इथे कोणी आणून ठेवली?’’ असे म्हणून त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि अरुंद, एकेरी रस्त्यावर मागून येणाऱ्या तीन गाड्यांचा खोळंबा करून ते डोंगर निवांत पाहून घेतले.

त्यांचा अंदाज मुळातच बरोबर होता. दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून पसरले. स्कायचे त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी, साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला तेव्हा. तिकडे रीयुनियनचा तप्तबिंदू, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर येण्याची जागा, इकडे आइसलँडचा. भट्ट्या वेगळ्या, काळही थोडा वेगळा, पण माल एकच: थरावर थर ओतला गेलेला बेसाल्ट, दोन थरांच्या मधल्या विश्रांतीच्या काळात हवापाण्याने कुजून तयार झालेला तांबडा गेरू आणि झीज होताना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरणारे डोंगर. अशा खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. नीस्टच्या दक्षिणेला मूनन नावाचा उपसागर आहे आणि त्याच्या पलीकडे वॉटरस्टीन हेड हा २९६ मीटर उंचीचा कडा समुद्रातून उभा राहतो. त्या कड्यावरचे आडवे पट्टे बाबा खालून वर मोजत होते. मी मध्ये काही बोलले तर त्यांची मोजणी चुकत होती.

या साम्याची एक गंमत मला आधीपासून माहीत होती, ती मी त्यांना तिथेच सांगितली. बेसाल्टमधल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत जी स्फटिकी खनिजे वाढतात त्यांपैकी गायरोलाइट हे खनिज १८५१ मध्ये पहिल्यांदा वर्णिले गेले ते याच बेटावरच्या स्टॉर या डोंगरातल्या नमुन्यांवरून. पुढे त्याचे उत्तम नमुने मिळाले ते पुण्या-मुंबईकडच्या खाणींत. बाबांनी विहिरींच्या खोदकामातून निघालेली अशी स्फटिकांची ढेकळे पूर्वी घरी आणली होती. आईने ती काही वर्षे तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत टाकून दिली. ही हकीकत बाबांनी स्कायवर पुन्हा एकदा, आधी सांगितली होती त्याहून जास्त दुःखाने सांगितली.

मात्र नीस्टचे टोक स्वतः लाव्हाच्या थरांचे नाही. तप्त रस पृष्ठभागावर न येता जुन्या, जुरासिक काळातल्या गाळाच्या खडकांच्या थरांमध्ये आडवा घुसला आणि तिथेच हळूहळू थिजला. थिजताना तो आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, म्हणून तो कडा आज खांबाला खांब लावून उभा केल्यासारखा दिसतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे खांब नवे नाहीत. सभोवतालचे मऊ थर लाटांनी खाल्ले आणि हा चिवट तुकडा उरला. आपल्या कोकणकड्याच्या पायथ्याशी जंगल आहे, खेडी आहेत आणि समुद्र तिथून कित्येक मैल दूर आहे. तोच कडा जर थेट पाण्यात उतरला असता आणि त्याच्या मुळाशी अहोरात्र लाटा आदळत असत्या, तर कसे दिसले असते याची कल्पना नीस्टला येते. दगड ओळखीचा आणि त्यावरचे सगळे अनोळखी, अशा विचित्र अवस्थेत आम्ही काँक्रीटच्या पायऱ्या उतरू लागलो. बाबांचा एक हात लोखंडी कठड्यावर होता आणि दुसरा माझ्या खांद्यावर.

सह्याद्रीतल्या कड्यावर पावसाळा सोडला तर शांतता असते. एखादा गरुड, कपारीतल्या पाकोळ्या, खालच्या झाडीतून वानरांचा हूप, एवढेच. इथे कड्याचा आवाज कडा दिसण्यापूर्वीच ऐकू येतो आणि त्याचा वासही आधी येतो. माशांचा, विष्ठेचा, ओल्या दगडाचा मिळून एक उग्र दर्प. वरच्या, गवत असलेल्या कंगोऱ्यांवर फुलमार बसतात. दिसायला ते आपल्या किनाऱ्यावरच्या कुरवांसारखे, राखाडी आणि पांढरे, पण नात्याने अल्बाट्रॉसच्या जवळचे; पंख ताठ धरून, न हलवता, कड्यावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर ते तासन्‌तास तरंगतात. त्यांच्या घरट्याशी कोणी गेले तर पोटातले दुर्गंधी तेल ते नेमके तोंडावर थुंकतात. त्यांच्या खाली, खांबांच्या तुटक्या डोक्यांवर आणि भेगांत रेझरबिल, काळी पाठ आणि पांढरे पोट असलेले. त्याहून खाली पंख पसरून वाळवणारे शॅग, म्हणजे आपल्या पाणकावळ्याचे हिरवट झाक असलेले भाऊबंद. आणि अगदी तळाशी, लाटांनी भिजणाऱ्या धोंड्यांच्या फटींत काळे गिलेमॉट, ज्यांचे पाय लालभडक असतात. चाळीत मजल्यांप्रमाणे बिऱ्हाडे ठरलेली असावीत तशी ही वाटणी आहे, आणि चाळीसारखीच भांडणे गॅलरीवरून चालू असतात.

रेझरबिलच्या पिलाबद्दल मी वाचले होते, पण कड्याखाली उभे राहून वर पाहिले तेव्हाच ते पटले. सुमारे अठरा दिवसांचे झाले, पंख पुरते फुटलेलेही नसले, की ते पिलू संध्याकाळच्या अंधुक उजेडात कपारीतून बाहेर येते आणि खाली समुद्रात उडी टाकते. खाली वडील वाट पाहत असतात, आई नव्हे. पुढचे काही आठवडे पिलाला खोल समुद्रात नेऊन सांभाळायचे काम त्यांचेच. बाबांनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि ‘‘तुला पोहायला शिकवताना मी निदान कमरेला डबा बांधला होता,’’ एवढेच म्हणाले.

दूर पाण्यावर गॅनेट मासे मारत होते. हे पक्षी नीस्टवर घरटी करत नाहीत. ते पलीकडच्या बेटांवरच्या वसाहतींतून येतात. दोन मीटरच्या आसपास पंखांचा पसारा असलेला तो पांढरा पक्षी तीसेक मीटर उंचीवर क्षणभर अडखळल्यासारखा थांबतो, वळतो, पंख पूर्ण मागे ओढून घेतो आणि ताशी १०० किलोमीटरच्या घरात जाणाऱ्या वेगाने पाण्यात घुसतो. चोचीवर उघड्या नाकपुड्या नाहीत, आणि आपटल्याचा धक्का सोसायला चेहऱ्याच्या व छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या आहेत. पाण्याचा तुरा उडतो तो आधी दिसतो, आवाज मागून येतो. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने या पक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती झोडपल्या. त्यातून जे वाचले त्यांपैकी काहींच्या डोळ्यांतली फिकट निळी बुबुळे काळी झाल्याचे एडिंबराजवळच्या बास रॉकवर आढळले. माझ्या दुर्बिणीतून त्या अंतरावर डोळ्याचा रंग कळणे शक्य नव्हते, तरी मी प्रत्येक गॅनेटच्या डोळ्यांकडे पाहण्याचा खुळा प्रयत्न करत राहिले.

भूशिराच्या पाठीवर थ्रिफ्टची गुलाबी फुले होती, दगडांच्या खाचांत बोटभर माती धरून वाढलेली, वाऱ्याला घाबरून जमिनीलगत उशीसारखी गोल झालेली. खाऱ्या फवाऱ्यात जगणारी ही वनस्पती ब्रिटनच्या जुन्या तीन पेनीच्या पितळी नाण्यावर होती. झाड मात्र एकही नाही. बाबांना ते खटकले. ‘‘पाऊस एवढा, माती बरी, आणि झुडूपही नाही?’’ वारा हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर आमच्या भोवती चरत होते.

पर्यटकांच्या पत्रकांत या भागाला ‘अस्पर्श’ म्हणण्याची पद्धत आहे. ती मला पूर्वीही पटत नसे आणि नीस्टला आल्यापासून तिचा राग येतो. स्कायवर १८४१ मध्ये सुमारे २३,००० माणसे राहत होती; २०११ च्या खानेसुमारीत ती १०,००० च्या आसपास होती. मधल्या काळात जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या, आणि गावे उठली. कोणी शेजारच्या खडकाळ पट्टीवर ढकलले गेले, कोणी कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या जहाजांवर चढले. नीस्टकडे येणारा रस्ता ज्या ग्लेनडेलमधून जातो तिथल्या कुळांनी १८८२ मध्ये आपली गुरे वॉटरस्टीनच्या कुरणात, म्हणजे आम्ही मघाशी पट्टे मोजत होतो त्याच डोंगरावर, मुद्दाम घातली. कोर्टाचा मनाईहुकूम त्यांनी मानला नाही, पोलिसांना पिटाळून लावले, तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये सरकारने ‘जॅकल’ नावाची गनबोट पाठवली. मेंढपाळांच्या खेड्यावर युद्धनौका! पुढारी जॉन मॅकफर्सन याला दोन महिन्यांची कैद झाली. पण त्याच वर्षी कुळांच्या स्थितीची चौकशी करणारा आयोग नेमला गेला आणि १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवरून हुसकता येणार नाही, खंड वाजवी असेल, हक्क वारसांकडे जाईल, हे ठरले. आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या, मग आयोग आला, मग १८७९ चा कायदा आला. त्याच साम्राज्याच्या दोन टोकांना जवळपास एकाच दशकात तोच क्रम घडला हे बाबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘आपल्याकडे गनबोट येणार कुठून? कऱ्हा नदीत गुडघाभर पाणी.’’

माणसांसारखेच इथले गरुडही हाकलले गेले. पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाचे ब्रिटनमधले शेवटचे घरटे १९१६ साली स्कायवरच होते. बंदूक, विष आणि अंडी गोळा करण्याचा छंद यांनी त्याला संपवले. उरलेला शेवटचा पक्षी १९१८ मध्ये शेटलंडमध्ये मारला गेला. पुढे १९७५ पासून दहा वर्षे नॉर्वेहून पिले आणून स्कायच्या दक्षिणेकडच्या रम बेटावर सोडली गेली आणि १९८५ मध्ये मल बेटावर पहिले पिलू घरट्यातून उडाले. आज या किनाऱ्यावर ते पुन्हा दिसतात. आम्हाला एक दिसला तो मूनन उपसागरावरून जाताना, मागे दोन चिडलेले कुरव. रुंद, चौकोनी पंख, जणू कोणी घोंगडी वाळत घातली आणि ती उडून गेली. आंजर्ल्याला पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मी लहानपणी पाहिला आहे; तो नारळी-पोफळीच्या वर शोभून दिसतो, आणि हा त्याचा चुलता मात्र या उघड्या बोडक्या मुलुखात मला फार मोठा वाटला. इथल्या मेंढपाळांना तो परत आल्याचा सरसकट आनंद नाही, कारण तो कोकरे उचलतो. शहरातून दुर्बीण घेऊन आलेल्या माझ्यासारखीने त्यावर शहाणपण शिकवू नये. जुन्नरच्या उसातल्या बिबट्याबद्दल पुण्यात बसून बोलणारे लोक मी पुष्कळ ऐकले आहेत.

सगळेच जीव कमी होत गेले असेही नाही. ज्या फुलमारांनी कड्याचे वरचे मजले अडवले आहेत ते १८७८ पूर्वी ब्रिटनमध्ये फक्त सेंट किल्डा या दूरच्या बेटावर वीण करत. त्यानंतर ते पसरत पसरत सारा किनारा व्यापून बसले. व्हेल मारणाऱ्या आणि मग मासे पकडणाऱ्या बोटींवरून फेकल्या जाणाऱ्या आतड्या-कातड्यांवर ते वाढले, असे एक मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही.

दीपगृहाचा दिवा १ नोव्हेंबर १९०९ रोजी पहिल्यांदा लागला. आराखडा डेव्हिड ॲलन स्टीव्हन्सन यांचा. मनोरा केवळ १९ मीटरांचा, कारण उंचीचे काम खडकाने आधीच केलेले. १९९० मध्ये तो स्वयंचलित झाला आणि रखवालदार निघून गेले. त्यांची घरे रंग उडालेल्या अवस्थेत उभी आहेत आणि वरून सामान उतरवायच्या तारमार्गाचे गंजके अवशेष वाटेत दिसतात. दीपगृहाच्या पुढे, सपाट खडकांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रचलेल्या दगडांच्या शेकडो लहान उतरंडी आहेत. छायाचित्रात त्या छान दिसतात. मला त्या आवडत नाहीत: प्रत्येक दगड कुठल्या तरी गवतातून उपटलेला असतो, त्याच्याखाली कोणी तरी राहत असते, आणि एवढ्या वाऱ्यात एवढ्या कष्टाने जगणाऱ्या थ्रिफ्टला आपल्या हौसेचे ओझे नको असते. बाबांनी एक दगड हातात घेतला, तळवा ओला करून घासला, उन्हात धरला आणि ‘‘दाणा आपल्यापेक्षा जाड आहे,’’ असा निर्वाळा दिला. मग तो तिथेच ठेवला.

त्यापुढे समुद्र. पलीकडे क्षितिजावर यूइस्टची बेटे निळसर रेघेसारखी, आणि मध्ये लिटल मिंच नावाची सामुद्रधुनी, जिच्या प्रवाहांमुळे खालचे अन्नद्रव्य वर येते आणि उन्हाळ्यात मिंकी व्हेल व बास्किंग शार्क या बाजूला वळतात. बास्किंग शार्क हा व्हेल शार्कनंतरचा जगातला सर्वांत मोठा मासा. तोंड उघडे ठेवून तो संथपणे चालतो आणि फक्त प्लवक गाळून खातो. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कायलगतच्या सोए बेटावर त्याच्या यकृताच्या तेलासाठी कारखाना निघाला होता; तो धंदा तीनेक वर्षांत बसला. माशाला कायद्याचे संरक्षण मिळायला मात्र १९९८ उजाडले.

तिथे एक स्थानिक बाई तिपाईवर दुर्बीण लावून बसल्या होत्या. व्हेलची नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी त्या एक. त्यांनी आम्हाला जॉन को आणि अक्वेरियस यांच्याबद्दल सांगितले. या किनाऱ्यावर कायम वावरणारा ऑर्का व्हेलचा एक लहानसा कळप आहे. कळप म्हणजे आता हे दोन म्हातारे नर. जॉन कोच्या पाठीवरच्या परात मोठी खाच आहे, त्यावरून तो १९८० पासून ओळखला जातो. या कळपात इतक्या वर्षांत एकही पिलू जन्मल्याची नोंद नाही. कळपातली लुलू नावाची मादी जानेवारी २०१६ मध्ये टायरी बेटावर मासेमारीच्या दोरांत गुरफटून मेलेली सापडली. तिच्या चरबीत पीसीबी या, दशकांपूर्वीच बंदी आलेल्या, कारखानी रसायनाचे प्रमाण जगात आजवर कुठल्याही व्हेलमध्ये आढळलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते, आणि तिला कधीच पिलू झाले नव्हते. हे सारे त्या बाईंनी गावातल्या एखाद्या घराण्याबद्दल सांगावे तसे सांगितले. बाबांना इंग्रजी पुरते कळत होते, पण स्कॉटिश उच्चार जड जात होते, म्हणून मी त्यांना मराठीत सांगितले. ‘‘म्हणजे घरात दोघे भाऊच राहिलेत,’’ ते म्हणाले. भाऊ आहेत की नाहीत हे मी विचारले नाही.

आम्ही दोन तास बसलो. जूनमध्ये इथे सूर्य दहानंतर मावळतो, त्यामुळे घाई नव्हती. एकदा मिंकीची काळी पाठ वर आली, लहान वाकडा पर दिसला आणि ती पुन्हा वर येईल या आशेने मी ज्या जागेकडे पाहत होते तिथे ती आली नाही. काळे गिलेमॉट लाल पाय मागे सोडून खडकाखालून ये-जा करत होते. एक सील आमच्याकडे पाहत पाण्यात उभा होता. उंच, सुरीसारखा पर कुठेच नव्हता. बाई मधूनच वहीत काही लिहीत होत्या. काही दिसले नाही, हेही लिहावे लागते, असे त्यांनी सांगितले.

नऊच्या सुमाराला पाण्यालगत पक्ष्यांची एक ओळ उत्तरेकडून आली आणि दक्षिणेकडे गेली, मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या. पंख ताठ, एकदा काळी बाजू आणि एकदा पांढरी, लाटेच्या उतारावरून घसरत जाणारे मँक्स शियरवॉटर. बाबांनी विचारले, ‘‘हे एवढे कुठे निघाले?’’ मी सांगितले की रमच्या डोंगरांत त्यांची बिळे आहेत, समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवर. संध्याकाळी ते बेटालगत पाण्यावर थांबतात आणि पुरता अंधार पडल्यावर ओरडत वर चढतात, तो आवाज असा भयंकर असतो की जुन्या नॉर्स दर्यावर्दींनी तिथल्या एका शिखराला राक्षसांचा डोंगर असे नाव ठेवले. बाबा उठले, गुडघे झटकले, वरच्या पायऱ्यांकडे एकदा पाहिले आणि शेवटची ओळ वॉटरस्टीनच्या आड जाईपर्यंत पुन्हा खाली बसले.